आठ तारे जुळले आणि ३,०६८ डॉलर गेले

२,५०० डॉलर ॲपवरून, ४५० रोख, वर ११८ डॉलर तपासणीची फी आणि विम्याचं टपाल. एकूण ३,०६८. रुपयांत अडीच लाखांच्या वर. त्या बदल्यात माझ्या कपाटात आज १७९९ सालचा एक बनावट डॉलर पडून आहे. इथे न्यू जर्सीत माझ्या ओळखीतली काही मराठी मंडळी जुनी अमेरिकन चांदीची नाणी जमवतात, काही जण भारतातून पाहुण्यांकरवी मागवतात. त्यांच्यापैकी आणखी कुणी मला हा डॉलर विकणाऱ्या माणसाच्या गळाला लागू नये म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

पद्धत जुनीच. आधी खरा माल वाजवी भावात द्यायचा, विश्वास बसला की मोठा घाव घालायचा. कॉइन शोमध्ये स्वतःचं टेबल न घेता खिशात नाणी घालून फिरणारे विक्रेते असतात. हा त्यांतलाच, उतारवयाचा, अतिशय मऊ बोलणारा. पहिल्यांदा त्याने मला १८२७चा हाफ डॉलर १४० डॉलरला दिला. नाणं अस्सल, त्याने सांगितलेला ओव्हरटन नंबरही, म्हणजे नाणं साच्यांच्या कुठल्या जोडीतून निघालं ते सांगणारा यादीतला क्रमांकही, बरोबर. साच्यांच्या जोड्या ओळखता येणारा माणूस भेटला की आपल्याला तो आपल्यातलाच वाटतो. तेवढ्यासाठीच त्याने तो अभ्यास केला होता.

पुढच्या शोमध्ये त्याने डॉलर काढला. १७९९, आठ तारे डावीकडे, पाच उजवीकडे.

त्या काळी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत साच्यावर प्रत्येक तारा, प्रत्येक आकडा पंचाने एकेक करून हातानेच ठोकत. त्यामुळे दोन साचे कधीच तंतोतंत सारखे निघत नसत. १७९९च्या डॉलरवर तेरा तारे, एरवी डावीकडे सात आणि उजवीकडे सहा. एकाच साच्यावर ते आठ-पाच पडले. जुन्या डॉलरांच्या साच्यांच्या दोन याद्या संग्राहक वापरतात: बोलेंडरच्या यादीत तो २३, बॉवर्स-बोरकार्ट यादीत १५९. शिवराईवरच्या अक्षरांची वळणं बघत तासन्‌तास बसणाऱ्यांना हा नाद काय असतो ते समजावायला नको. हा डॉलर मी किती वर्षं शोधत होतो, आणि गप्पांच्या ओघात मीच ते त्याला सांगून बसलो होतो. विकणाऱ्याला आपल्याला काय हवंय ते कधीही सांगू नका. कधीही.

मी काय काय तपासलं तेही सांगतो, कारण ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणारे भेटतातच. वजन २६.८ ग्रॅम. कायद्याने ठरलेलं ४१६ ग्रेन, म्हणजे २६.९६ ग्रॅम. इतक्या वर्षांच्या झिजेनंतर थोडं कमी भरणारच. चुंबकाला ओढ नाही. कडेवर ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ ही अक्षरं. फोनमधल्या खात्रीच्या नाण्याच्या फोटोशी ताऱ्यांची टोकं, आकड्यांमधलं अंतर, अक्षरांचा कल, एकेक ताडून पाहिलं. सगळं जुळलं. शोच्या गर्दीत, उभ्याउभ्या, कुठल्या संग्राहकाने याहून जास्त तपासलं असतं?

आणि मेख नेमकी इथेच आहे. अशा नकलेचा साचा खऱ्या नाण्यावरूनच उतरवलेला असतो, तर व्हरायटी, म्हणजे साच्यागणिक बदलणारी ही ठेवण, जुळणारच! ती जुळली म्हणजे ज्यावरून साचा घेतला ते नाणं खरं होतं, एवढंच सिद्ध होतं. हातातल्या नाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. न जुळली तर मात्र ताबडतोब हात आखडता घ्या. हे मला आधी कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. व्हरायटी ओळखायला शिकवणारे पुष्कळ आहेत, ती ओळख कुठे संपते ते सांगणारं कुणी नाही.

तो क्षण मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. नाण्यावर वर कोरलेल्या ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘आर’च्या खाली, केसांच्या वर, मोहरीएवढा एक खळगा होता. खऱ्या नाण्याला मार बसला की धातू बाजूला सरकतो, खळग्याभोवती बारीक काठ उठतो आणि तिरप्या उजेडात चमकतो. या खळग्याला काठच नव्हता. सगळीकडून गोलसर, मऊ. भिंगातून मला ते दिसलं. मी विचारलंही. तो म्हणाला, ‘‘दोनशे वर्षं खिशात फिरलंय, काठ झिजणारच.’’ आणि माझ्या हातातून नाणं अलगद काढून घेतलं, पलीकडे दुसरा गिऱ्हाईक थांबलाय म्हणाला. खरं तर आजूबाजूचे तारे तेवढे झिजलेले नव्हते. काठ झिजायचा आणि शेजारचा तारा टोकदार राहायचा, असं होत नाही. त्याच क्षणी ‘मला परत दाखवा’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नाणं हातातून गेलं की माणसाला ते दुप्पट हवंसं वाटतं, आणि त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ४५० रोख तिथेच दिले, बाकीचे २,५०० ॲपवरून. ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, नाहीतर माझे कमिशनचे पैसे जातात, असं त्यानेच सांगितलं. जो हा पर्याय निवडायला सांगतो तो चोर आहे असं धरूनच चाला. क्रेडिट कार्ड चालत नसेल तर नाणं ठेवून निघा.

नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीकडून डॉलर ‘अस्सल नाही’ असा शेरा घेऊन परत आला. मग विकल्या गेलेल्या नाण्यांचे फोटो धुंडाळताना दुसरा एक आठ-पाच डॉलर दिसला. तोच खळगा. आणि केसांवरून तिरप्या गेलेल्या त्याच तीन रेघा, मधली लांब. या रेघांनीच तर मला भुलवलं होतं! त्या काळी छापण्याआधी प्रत्येक चकती तोलत आणि जड भरली तर कानशीने घासत. १७९५मध्ये या कामावर सारा वॉल्ड्रेक आणि रेचेल समर्स या दोन स्त्रिया नेमल्या होत्या. अशा हाताने घासलेल्या रेघा दोन नाण्यांवर एकसारख्या येणं अशक्य. खळगा, ओरखडा, कानशीची रेघ या गोष्टी एकाच नाण्याच्या असतात, साच्याच्या नसतात. त्या दुसऱ्या नाण्यावर सापडल्या की विषय संपला. साच्याचा तडा दोन्हीकडे दिसला तर घाबरू नका, तो दिसायलाच हवा. घेण्याआधी जुन्या विक्रीचे फोटो बघा, घेतल्यानंतर नव्हे.

यानंतर जे झालं त्याचा राग फसवणाऱ्यापेक्षा जास्त येतो. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे व्यवहार अधिकृत. ॲपवाले म्हणाले, मित्राला दिलेल्या पैशांना संरक्षण नाही. शोच्या आयोजकांनी हात झटकले, कारण त्याचं टेबलच नव्हतं. टेबल नसलेला माणूस तुमच्या हॉलमध्ये दिवसभर धंदा करतो, तुम्ही प्रवेशाचं तिकीट लावता, आणि जबाबदारी कुणाचीच नाही? पोलीस ठाण्यात समोरच्या अधिकाऱ्याने डॉलर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही नाणं घेतलंत, ते तुमच्याकडे आहे. मग चोरी कसली?’’ हा दिवाणी मामला म्हणे. आठवण म्हणून ठेवा, असंही वर सांगितलं. दिवाणी दावा लावायचा तर समोरच्याचा पत्ता लागतो, माझ्याकडे फक्त एक बंद पडलेला मोबाइल नंबर आहे. केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवर फोटो, वजन, पैशांच्या पावत्या, त्या दुसऱ्या नाण्याचा पुरावा, सगळं चढवलं. उत्तरादाखल तक्रार क्रमांक आला, आपोआप पाठवलेला. त्यानंतर काही नाही.

कायदा नाही असं तर अजिबात नाही. १९७३चा हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट सांगतो की जुन्या नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द कायमचा उमटवलेला असलाच पाहिजे. २०१४मध्ये तो आणखी कडक केला, अशा विक्रीला जाणूनबुजून मदत करणारेही त्यात आले. माझ्या डॉलरवर ‘कॉपी’ कुठेही नाही. उघडउघड कायदा मोडलेला आहे, वस्तू पुराव्यासकट टेबलावर ठेवली आहे, आणि ती हातात घ्यायला कुणी तयार नाही. परदेशी उच्चारात बोलणाऱ्या माणसाची नाण्याची तक्रार, कोण वेळ घालवणार? मी मात्र सोडणार नाही. राज्याच्या ग्राहक विभागाकडे अर्ज गेला आहे, लोकप्रतिनिधीच्या कार्यालयालाही सगळी कागदपत्रं पाठवली आहेत.

स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने डबीत बंद करून दिलेलं नाणं म्हणूनही निर्धास्त होऊ नका, प्लॅस्टिकच्या डब्याही नकली निघतात. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या यादीत घालून तिथला फोटो आणि हातातलं नाणं ताडून पाहा. मोठी रक्कम असेल तर ‘आधी तपासणी, मग पैसे’ एवढंच म्हणा. खऱ्या विक्रेत्याला त्याचा राग येत नाही.

आणि ज्यांच्याकडे १७९९चा आठ-पाच डॉलर आहे त्यांनी आजच भिंग घेऊन ‘आर’च्या खाली बघा. काठ नसलेला खळगा आणि केसांवर तीन तिरप्या रेघा असतील तर फोटो मला पाठवा. एकट्याच्या तक्रारीला कुणी विचारत नाही. त्याच साच्यातली चार-पाच नाणी एकत्र पुढे ठेवली, तर हा दिवाणी मामला आहे असं सांगून पोलिसांना आपल्याला परत पाठवता येणार नाही.