वीज गेली तरी काउंटर लगेच सुरू: ईएक्सटी४ चं जर्नलिंग कसं आहे?

इतवारीतल्या ठोक दुकानात बिलिंगचा सर्व्हर लिनक्सवर असेल, तर मे-जूनमध्ये दोन गोष्टी धरूनच चालायच्या. वादळ सुटलं की वीज जाणार, आणि नागपूरच्या उन्हात यूपीएसची बॅटरी लवकर बसणार. जुन्या ईएक्सटी२ डिस्कवर (ईएक्सटी म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवणारी लिनक्सची फाइल सिस्टिम) मशीन अचानक बंद पडलं की पुन्हा सुरू होताना एफएससीके हा तपासणीचा प्रोग्रॅम सगळे इनोड, म्हणजे प्रत्येक फाइलच्या नोंदी, तपासत बसतो. डिस्क मोठी आणि भरलेली असली की गिऱ्हाईक ताटकळतं.

त्याच कुटुंबातलं नवं ईएक्सटी४ हा त्रास खरोखर संपवतं. डिसेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.२८ आवृत्तीसोबत ते स्थिर म्हणून आलं. मेटाडेटातला (फाइलचं नाव, आकार, जागा अशा माहितीतला) बदल आधी जर्नल नावाच्या डिस्कवरच्या रोजनाम्यात उतरतो, ‘बदल पूर्ण’ अशी कमिटची नोंद पडते, मगच तो मूळ जागी जातो. वीज आल्यावर फक्त जर्नल वाचायचं: कमिट झालेलं पुन्हा लावायचं, अर्धवट सोडून द्यायचं. स्क्रीनवर ‘रिकव्हरिंग जर्नल’ दिसतं आणि बहुधा काही सेकंदांत काम होतं.

मात्र जर्नल वाचवतं ते फाइल सिस्टिमची रचना, तुमचं शेवटचं बिल नव्हे. मूळच्या ‘ऑर्डर्ड’ मोडमध्ये कमिट दर ५ सेकंदांनी होतं आणि नवा डेटा त्याहून जास्त वेळ मेमरीत राहू शकतो. म्हणून डेटाबेसचं एफसिंक (डेटा लगेच डिस्कवर उतरवण्याचा हुकूम) चालूच हवं. ‘डेटा=जर्नल’ मोडमध्ये सगळं दोनदा लिहिलं जातं. बिलिंगला त्याची गरज नाही.

वेग वाढावा म्हणून कुणी ‘नोबॅरियर’ (डिस्कला ठरल्या क्रमाने लिहायला लावणारी सक्ती बंद करणारा माउंटचा पर्याय) टाकून दिलं असेल तर आजच काढा. डिस्कच्या कॅशमध्ये लिहिण्याचा क्रम बिघडला की कमिटची नोंद खोटी ठरते, मग जर्नलचा उपयोग शून्य. फ्लशचा (कॅश डिस्कवर रिकामी करण्याचा) हुकूम न पाळणाऱ्या स्वस्त यूएसबी डबीतही हाच धोका असतो.

ईएक्सटी२ बदलायचं असेल तर बॅकअप घ्या, विभाजन अनमाउंट करा, ट्यून२एफएस ही कमांड ‘-जे’ पर्यायाने चालवून जर्नल जोडा आणि एफएसटॅबमध्ये (कोणतं विभाजन कसं माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) ईएक्सटी२ च्या जागी ईएक्सटी३ लिहा, कारण जर्नल जोडलेलं ईएक्सटी२ म्हणजेच ईएक्सटी३. ही ओळ बदलायची राहिली तर जर्नल असूनही वापरलं जात नाही, आणि हीच चूक सर्रास दिसते.

जर्नलला खराब सेक्टर कळत नाहीत. ‘अबॉर्टिंग जर्नल’ असा संदेश येऊन विभाजन रीड-ओन्ली झालं, तर नुसतं रीस्टार्ट करू नका. आधी डेटा बाहेर काढा, केबल आणि स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीचा ठेवलेला अहवाल) बघा, मग ई२एफएससीके, म्हणजे ईएक्सटीसाठीचं एफएससीके, ‘-एफ’ लावून पूर्ण तपासणी करा.