फाइंड, लोकेट आणि एक ‘ऱ’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फाइंड हे लिनक्सवर फाइली शोधायचं साधन. त्याच्याबद्दल लिहायचं काही मनात नव्हतं. पण गेल्या महिन्यात ‘वऱ्हाडी म्हणी’ ही फाइल सापडेना, आणि तिच्यापायी माझ्या दोन रात्री गेल्या.

मी मराठी मजकूर जुळवण्याचं काम करते. जुन्या मॅकवरचे सगळे लेख टार करून (एका गठ्ठ्यात बांधून) उबुंटू या लिनक्सवर आणले. सुरुवातीला लोकेट या दुसऱ्या शोधसाधनावर फार खूश होते. नाव टाकलं की उत्तर हजर, कारण ते डिस्क चाळतच नाही, आधी बनवून ठेवलेल्या यादीत बघतं. पण ती यादी अपडेटडीबी नावाचा प्रोग्राम दिवसातून एकदा बनवतो, त्यामुळे सकाळी सेव्ह केलेली फाइल दुपारी त्याच्या गावीही नसते. शिवाय उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये मीडिया फोल्डर वगळलेलं असतं, म्हणजे बाहेरून जोडलेली डिस्क खिजगणतीतच नाही. मग फाइंडवर आले. वेळ खातं, पण या घडीला डिस्कवर जे आहे तेच सांगतं.

फाइंडची एक खोड आहे: * असलेलं नाव त्याला अवतरणचिन्हांत द्यावं लागतं. ती विसरलात तर *.ओडीटी (ओडीटीने संपणारं कुठलंही नाव) शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, आधीच उलगडतो, त्याच्या जागी जुळणारी नावं घालतो, आणि चालू फोल्डरमध्ये तशी एकच फाइल असेल तर फाइंड कसलीही तक्रार न करता फक्त तेवढंच नाव शोधत राहतं. पहिल्याच महिन्यात फसले, आता हाताला सवय झालीय.

खरा छळ ‘ऱ’चा. फाइंड . -नेम '*वऱ्हाड*' दिलं, काही नाही. लहान-मोठी अक्षरं एकच धरणारं -आयनेम दिलं, तरी नाही. लोकेटही गप्प. फाइल उडाली असं धरून डेटा रिकव्हरीवाल्याला फोन केला. साडेचार हजार म्हणाला, वर सापडेल याची हमी नाही! एवढ्यात माझी दोन महिन्यांची विजेची बिलं भागतात. फोन ठेवला आणि एकेक फोल्डर उघडून डोळ्यांनी बघत गेले. फाइल तिथेच होती. ‘वऱ्हाडी म्हणी’, अक्षर न् अक्षर तेच.

नावांची यादी देणाऱ्या एलएसचं आउटपुट बाइट दाखवणाऱ्या एक्सएक्सडीत ओतलं तेव्हा कळलं. मी टाइप करते तो ऱ तीन बाइटांचा, फाइलच्या नावातला सहा. माझा ऱ म्हणजे यू+०९३१ हा एकच युनिकोड कोड. तिथे साधा र, यू+०९३०, आणि त्याच्याखाली सुटा नुक्ता (टिंब), यू+०९३सी. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं अशी फोडूनच ठेवते. तिसरा प्रकारही निघाला: काही कीबोर्ड र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून हेच रूप काढतात. दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या, सगळ्यांची हीच गत. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, फाइंडला तीन वेगळी नावं.

दोन दिवस फाइंडला शिव्या घातल्या, त्या मागे घेते. लिनक्ससाठी नाव म्हणजे नुसते बाइट. अशी दोन दिसायला सारखी नावं एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात. फाइंडने ती एकच धरली असती आणि मी पुढे -डिलीट जोडलं असतं, तर नको ती फाइल गेली असती. तरी माझ्यासारख्या माणसाला, जिच्या कामात पानागणिक ‘ऱ’ येतो, निदान एखादा पर्याय तरी हवाच होता. एफडी हे फाइंडसारखंच दुसरं साधन वापरून पाहिलं, तिथेही तेच.

सध्या शंका असेल तिथे ऱच्या जागी तारा टाकते, '*व*हाड*'. आणि कॉन्व्हएमव्ही नावाचं फुकटचं साधन -‍-एनएफसी (फोडलेली अक्षरं जोडणारा पर्याय) लावून चालवलं. ते आधी काय बदलणार एवढंच दाखवतं, -‍-नोटेस्ट दिल्यावरच हात लावतं, हे फार आवडलं. ६३ नावं सुधारली. झेडडब्ल्यूजेवाल्या १९ फाइली मात्र त्याने तशाच ठेवल्या. त्या हाताने बदलतेय, आजपर्यंत सात झाल्या.