सबव्हर्जन सोडून गिटवर आलो, त्याला आठ महिने झाले

सबव्हर्जन आणि गिट ही दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी साधनं; सबव्हर्जनचा इतिहास एका सर्व्हरवर असतो, गिटचा प्रत्येकाच्या संगणकावर. आमच्या प्रकल्पाचा सबव्हर्जन सर्व्हर फक्त वाचनापुरता ठेवला, त्याला आता ८ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर निम्मा मजकूर तक्रारींचा झाला असता, म्हणून मुद्दाम थांबलो.

आम्हाला उशीर झाला हे खरं, पण मोठा आणि जुना कोड असा झटक्यात हलत नाही. पायथन २०११ मध्ये सबव्हर्जनवरून मर्क्युरिअल या तशाच दुसऱ्या साधनावर गेलं आणि २०१७ मध्ये तिथून गिटवर. कंपायलरच्या (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाच्या) मोठ्या प्रकल्पांपैकी एलएलव्हीएमने २०१९ च्या ऑक्टोबरात स्थलांतर केलं, जीसीसीने २०२० च्या जानेवारीत. एवढ्या अनुभवी लोकांनाही वेळ लागला, तो का, हे आम्हाला स्वतःचा इतिहास उपसायला घेतल्यावर कळलं.

सबव्हर्जनमध्ये ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काय आणि टॅग (रिलीजच्या वेळच्या कोडवरची खूण) काय, शेवटी एक फोल्डरच. त्यात कुणीही हात घालू शकतं, आणि आमच्याकडे १४ वर्षांत बऱ्याच जणांनी घातला होता. एका रिलीजच्या टॅगमध्ये रिलीज झाल्यानंतरचे २ कमिट (नोंदवलेले बदल) सापडले. एकदा कुणीतरी अख्खा ट्रंक (मुख्य कोडचा फोल्डर) चुकीच्या जागी हलवून मग परत आणला होता. तिथे रूपांतराच्या टूलला सगळ्या फायली पुसल्या जाऊन नव्याने तयार झाल्या असंच दिसलं. मग ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) चालवावं तर त्याआधीचा सगळा कोड एकाच माणसाच्या नावावर! एकेक गाठ सोडवत आम्ही रूपांतर ५ वेळा पहिल्यापासून चालवलं. इथे घाई करू नका, हे कळकळीने सांगतो. लोकांनी एकदा क्लोन (स्वतःसाठी पूर्ण प्रत) करून घेतलं की इतिहासातली चूक सुधारायची म्हणजे तिथून पुढचे सगळे हॅश (कमिटच्या ओळखीचे अक्षरी क्रमांक) बदलायचे, आणि प्रत्येकाचं चालू काम अडकवायचं.

सगळ्यात जास्त वेळ नावांवर गेला, आणि तो गेला याचं मला समाधान आहे. सबव्हर्जन कमिटवर एकच नाव ठेवतं: ज्याच्याकडे कमिट करायची परवानगी आहे त्याचं. पॅच (पाठवलेला बदल) दुसऱ्या कुणी लिहिला असेल तर त्याचं नाव कमिटच्या संदेशात, 'अमक्यांचा पॅच, आभार' एवढ्यावर. गिट २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी तयार झालं. तिथे पॅच लिहिणारा एक आणि लावणारा दुसरा ही रोजचीच रीत, त्यामुळे लेखक आणि कमिट करणारा या दोन नोंदी त्यात वेगळ्या असतात. आम्ही तिघांनी ठरवलं की जुन्या कमिटनाही हा न्याय द्यायचा. साच्यातले संदेश स्क्रिप्टने हुडकले, उरलेले एकेक करून वाचले. ६ आठवडे लागले.

नवी रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) खुली झाली त्या रात्री आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लॉग (कमिटची यादी) काढला. ते वर्षानुवर्षं पॅच पाठवत आले, पण कमिटची परवानगी त्यांनी कधी मागितली नाही आणि आम्हीही आपणहून दिली नाही. लॉगमधली सगळ्यात जुनी नोंद ११ वर्षांपूर्वीची होती, माहितीपुस्तिकेतल्या एका चुकलेल्या वाक्याची दुरुस्ती. त्यांनी गटात तेवढी एक ओळ चिकटवली आणि खाली लिहिलं, "हे मी विसरूनच गेलो होतो." ती ओळ बघून सहा आठवड्यांचा शीण गेला.

रोजच्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते बायसेक्ट, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटने आणला ते शोधून देणारी कमांड. गेल्या रिलीजच्या तोंडावर मोठी फाइल सेव्ह करताना प्रोग्रॅम बंद पडू लागला. आधीच्या रिलीजमध्ये हा बग नव्हता, आणि मध्ये साधारण १,००० कमिट. चांगला कुठला, बिघडलेला कुठला एवढं सांगितलं की गिट दर वेळी मधला कमिट पुढ्यात ठेवतं. तपासून सांगितलं की निम्मे बाद. १० फेऱ्यांत ३ ओळींचा एक बदल हाती आला: बफरच्या लांबीचा प्रकार बदलला होता. सबव्हर्जनवरही हे करता यायचं, पण प्रत्येक फेरीला सर्व्हरकडे हात पसरावा लागे. त्यामुळे तपास बऱ्याचदा 'मार्चमध्ये कुठेतरी बिघडलं' इथेच थांबायचा. मात्र अर्धवट, बिल्ड न होणारे (ज्यांतून प्रोग्रॅम तयारच होत नाही असे) कमिट मध्ये आले की बायसेक्ट अडतं. म्हणून आता मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करण्याआधी आम्ही प्रत्येकाला कमिट नीट लावून घ्यायला सांगतो.

दुसऱ्या महिन्यात एक अपघातही झाला. एकाने मुख्य ब्रँचवर फोर्स पुश (सर्व्हरवरच्या इतिहासावर जबरदस्तीने आपली प्रत लादणं) केलं आणि ९ कमिट दिसेनासे झाले. पोटात गोळाच आला. पण ते ९ ही दुसऱ्या एकाच्या क्लोनमध्ये जसेच्या तसे होते, पाव तासात परत चढवले. त्याच दिवशी मुख्य ब्रँचवर फोर्स पुश बंद केलं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

रिकामा फोल्डर गिट नोंदवत नाही, त्यामुळे आमचं बिल्ड पहिल्याच दिवशी मोडलं. ते सुधारणं सोपं होतं. अनुवादकांचं दुखणं मात्र खरं आहे. आधी ते फक्त भाषांचं फोल्डर चेकआउट करत (उतरवून घेत), आता अख्खा इतिहास उतरवा म्हणतो आम्ही. हवा तेवढाच भाग उतरवणाऱ्या पार्शल क्लोन आणि स्पार्स चेकआउटने भागतं, पण ज्यांना प्रोग्रॅमिंगशी देणंघेणं नाही त्यांना त्या कमांड समजावताना आम्हीच थकलो. दोन चांगले अनुवादक या काळात गळाले. याची मला मनापासून खंत आहे, आणि यावर आमच्याकडे अजून नीट उत्तर नाही.

बग नोंदींत 'आर २८४१७ मध्ये दुरुस्त' अशी हजारो वाक्यं आहेत. रूपांतर करताना सबव्हर्जनचा हा जुना बदल-क्रमांक प्रत्येक संदेशाच्या तळाशी ठेवला, म्हणून शोधलं की सापडतो. तो चढता क्रमांक मला अजूनही आठवतो. कुठला बदल आधीचा आणि कुठला नंतरचा, हे नुसत्या नजरेने कळायचं. ४० अक्षरांच्या हॅशवरून काही बोध होत नाही. आता रोजच्या बिल्डच्या आवृत्तीत आम्ही गिट डिस्क्राइबचं उत्तर घालतो: शेवटचा टॅग, त्यानंतरचे किती कमिट आणि छोटा हॅश. बग कळवणारे त्यातला मधला आकडा सांगू लागले आहेत.