‘ल्यूर बनवा, सगळा माल आम्ही उचलू’ : १,३८,४४० रुपयांना पडलेला गृहउद्योग

एकूण गेले १,४५,६४० रुपये. त्यातले ७,२०० परत आले, ते का आले हे पुढे कळेलच. म्हणजे निव्वळ १,३८,४४०. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिलं हेच विचारतो, आणि लगेच दुसरं, ‘अरे, पण एवढे दिलेसच कसे?’ एकदम कुठे दिले? एकदम मागितले असते तर फोनच ठेवला असता. हप्त्याहप्त्याने काढले, आणि प्रत्येक हप्त्याला काहीतरी हातात ठेवून काढले.

स्कीम नवीन नाही. मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ. अगरबत्तीची अशी जाहिरात असती तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण इथे माल होता मासेमारीचे सॉफ्ट प्लास्टिक ल्यूर, म्हणजे गळाला लावायची मऊ प्लास्टिकची खोटी आमिषं, आणि मला गळाचा नाद जुना. शॅड, पॅडल टेल (वल्ह्यासारख्या शेपटाचा), वर्म असल्या ल्यूरच्या प्रकारांत किती पैसे ओतले असतील ते घरच्यांना विचारा. दोन-चार मासे चावले की शेपूट तुटतं, नवीन घ्यावं लागतं. म्हणजे खप कायमचा. हे घरी बनवता येतं हेही माहीत होतं. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रनला क्रीम नावाच्या जोडप्याने १९४९ मध्ये प्लास्टिकचा पहिला गांडूळ घरीच ओतला होता, आणि आजही जगभर कितीतरी जण गॅरेजमध्ये ओतून विकतात. धंदा खोटा नव्हता, माणसं खोटी होती. हे मी सगळ्यांना सांगून थकलो, तरी लोक ‘रबराचे मासे’ म्हणून हसतातच.

नोंदणी ५,१००. किट ७८,५००. त्यात हाताने दाबायचा इंजेक्टर, ॲल्युमिनियमचे दोन साचे, वितळवायचं भांडं आणि कच्चा माल म्हणून पाच लिटर प्लास्टिसॉल. रंग आणि चमकी वेगळी, ६,४००. वर ‘क्वालिटी डिपॉझिट’ १५,०००, परत मिळणारं. (परत मिळणारं डिपॉझिट म्हणजे आधीच गेलेले पैसे, हे आता मला कोणी शिकवायला नको.) सोबत दोन पानी करार. त्यात एक ओळ होती : माल सोबतच्या नमुन्याबरहुकूम असावा. नमुना म्हणजे चार इंची पॅडल टेल, एका पिशवीत दहा नग. सुंदर माल होता. मऊ, चिवट, शेपूट नुसतं फुंकर मारली तरी हलायचं. करार दोनदा वाचला मी, त्या ओळीत कोणाला काय वावगं दिसणार?

ट्रेनिंग म्हणजे मोबाइलवर आलेले व्हिडिओ. त्यातला माणूस स्वयंपाकघरातल्या गॅसवर प्लास्टिसॉल तापवतो आणि म्हणतो, ‘दादा, वहिनींनाही सहज जमेल.’ हे ऐकून कोणी करायला जाऊ नका. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड प्लॅस्टिसायझरमध्ये कालवलेली. दिसायला दुधासारखं. तापवलं की आधी घट्ट होतं, गुठळ्या होतात, मग १६५ ते १७५ अंशांच्या आसपास एकदम पारदर्शक आणि पातळ होतं. तेव्हा ओतायचं. २०० च्या वर गेलं की पिवळं पडतं, करपतं आणि हायड्रोजन क्लोराइड सोडतं. तो धूर नाका-डोळ्यांत गेला की कळतं वहिनींना किती सहज जमेल ते. किटमध्ये थर्मामीटर नव्हता, मास्क नव्हता. साचा पुसून कोरडा करा हेसुद्धा कोणी सांगितलं नाही. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर त्याची वाफ होऊन गरम प्लास्टिक उलटं उडतं. माझ्या उजव्या मनगटावर वाटाण्याएवढा डाग आहे, तो त्याचाच. ज्या भांड्यात प्लास्टिक तापवलं ते पुन्हा कधीही खाण्यापिण्याला वापरायचं नाही.

थर्मामीटर मी माझ्या पैशाने आणला, डबा हलवून तळाशी बसलेला गाळ वर आणायला शिकलो (तो नीट मिसळला नाही तर ल्यूर कायमचे चिकट राहतात), आणि ६०० नग तयार करून पाठवले. १२ रुपये नग. ठरलेल्या तारखेला ७,२०० खात्यात जमा. ‘दादा, तुमचं फिनिशिंग आमच्या जुन्या लोकांपेक्षा भारी आहे.’ त्या दिवशी घरात माझी कॉलर ताठ होती, खोटं कशाला बोलू.

मग ४,००० नगांची ऑर्डर आली, आणि त्यासाठी ३५ लिटर प्लास्टिसॉल घ्यायचं होतं. ३१,२०० रुपये. आता नीट वाचा, माझा जीव इथे जळतो.

पैसे पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मी बादलीत पाणी घेऊन त्यांचा नमुना आणि माझा ल्यूर शेजारी शेजारी सोडला. उद्देश एवढाच की शेपूट सारखं हलतं का बघावं. माझा हळूहळू खाली गेला आणि तळाशी आडवा पडला. त्यांचा वरच राहिला. बोटाने खाली दाबला, पुन्हा वर. गळ नाही, वजन नाही, तरी तरंगतोय. एकाच मटेरिअलचे, एकाच साच्याचे म्हणून सांगितलेले दोन ल्यूर, एक बुडतो आणि एक तरंगतो. मी बादलीपाशी उकिडवा बसून पाच वेळा तेच केलं. नमुना कापूनही पाहिला, आत हवेचा फुगा असेल म्हणून. फुगा नव्हता. मग फोन लावला. तो माणूस क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, ‘दादा, तुमच्याकडचं पाणी जड असेल, म्हणून बुडतोय.’

जड पाण्यात वस्तू जास्त तरंगते! हे शाळेत शिकलेलो. समुद्रात माणूस विहिरीपेक्षा सहज तरंगतो, हे पोहायला येणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. त्या क्षणी डोक्यात आलंही होतं, पण ७,२०० रुपये खात्यात आलेले होते, आणि ज्याने आत्ताच पैसे दिले त्याला खोटारडं कसं म्हणणार? तुम्ही म्हणाला असतात? मग तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ३१,२०० पाठवले.

आणखी एक खूण पुढे मिळाली. त्याच रात्री दोन्ही ल्यूर मी एकाच डबीत ठेवून दिले होते. काही दिवसांनी उघडलं तर जिथे एकमेकांना टेकले होते तिथे दोघांचाही लगदा झाला होता, बोटाला तार सुटावी असा. विचारलं तर उत्तर, ‘ल्यूर ऑइल कमी पडलं.’ खरं कारण मला फार नंतर एका अनुभवी माणसाकडून कळलं. नमुना प्लास्टिसॉलचा नव्हताच. तो टीपीईचा होता, म्हणजे रबरासारखं ताणणारं वेगळंच प्लास्टिक. टीपीई पाण्यापेक्षा हलका, ताणला तर कितीतरी पट ताणतो, आणि पीव्हीसीच्या सॉफ्ट प्लास्टिकबरोबर ठेवला की दोघंही विरघळतात. तो दाण्यांच्या स्वरूपात येतो आणि कारखान्यातल्या मशीनवर ओततात. घरातल्या भांड्यात वितळवलेल्या प्लास्टिसॉलचा तसा ल्यूर होणारच नाही. म्हणजे मला जे मटेरिअल विकलं, त्यातून करारातला नमुना बनणं पहिल्या दिवसापासून अशक्य होतं. ती साधी ओळ, नमुन्याबरहुकूम, तिच्यावरच सगळा खेळ.

४,००० नग पाठवले. १२ ने ४८,००० व्हायला हवे होते. आलं ते रिजेक्शनचं पत्र. कारण : नमुना तरंगतो, माल बुडतो. पाठवणीचा खर्चही तुमचा. मी भांडलो, तेव्हा आवाज मऊ झाला. ‘दादा, वाईट वाटून घेऊ नका, उपाय आहे. तरंगण्याची पावडर येते, ती मिसळून पुन्हा ओता. री-सर्टिफिकेशन ८,००० अधिक १८ टक्के जीएसटी.’ ९,४४०.

आता अशी पावडर खरोखर असते, म्हणून मी दिले. काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे असतात, प्लास्टिसॉलमध्ये मिसळले की ल्यूर तरंगतो. पिशवी आली. हातात घेताच जड लागली. ते गोळे इतके हलके असतात की पिशवी उघडताना उडतात, मास्क लावूनच हाताळायचे असतात. ही पावडर खाली ओतली तर सरळ ढीग झाला. चिमूटभर ग्लासातल्या पाण्यात टाकली, तळाला गेली. ढवळली, गायब. मीठ होतं! बारीक दळलेलं मीठ. आणि यातली थट्टा ज्यांना ल्यूर कळतात त्यांनाच कळेल : मीठ ल्यूरमध्ये घालतात खरं, पण तो जास्त बुडावा म्हणून. त्या संध्याकाळपासून फोन बंद.

आता यंत्रणेची कथा ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘ल्यूर म्हणजे?’ समजावलं. खिशातून काढून दाखवला. साहेबांनी शेपूट हलवून पाहिलं, शेजारच्याला दाखवलं, आणि अर्जाच्या नोंदीत लिहिलं ‘प्लास्टिकची खेळणी’. मग म्हणाले, ‘तुमच्यात करार आहे, माल पसंत पडला नाही, हा दिवाणी वाद झाला. आणि पैसे ऑनलाइन गेलेत, तर सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, ‘ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, तुम्ही स्वतः पाठवले. हे ठाण्याचं काम.’ पुन्हा ठाणं. तिथे तोवर साहेब बदललेले, पुन्हा ल्यूर म्हणजे काय. बँकेत गेलो तर काचेपलीकडच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला आहे. लेखी तक्रार दिली. आठवड्याच्या आत मेसेज : आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करण्यात आले आहे. कोणाचं समाधान? समोरचं खातं निदान गोठवा म्हणालो, तर ते पोलिसांनी पत्र दिल्यावर. पोलीस म्हणतात गुन्हा नोंदल्यावर पत्र. गुन्हा नोंदत नाहीत, कारण दिवाणी. असा गोल गोल फिरलोय मी, चपला झिजल्या ही म्हण राहिली नाही.

ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तर ‘धंद्यासाठी घेतलंय ना, मग तुम्ही ग्राहक नाही’ म्हणून फाइल न उघडताच परत. हे मात्र लक्षात ठेवा, कोणी असं सांगितलं तर गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्टीकरण आहे की निव्वळ पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. मी ते छापून घेऊन गेलो. मग म्हणाले, पोट त्यावरच भरता हे सिद्ध करा. सिद्ध कसं करणार, त्यावर पोट भरलंच नाही, हीच तर तक्रार आहे!

बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा. मी फार उशिरा मोजला. १५ अक्षरं-आकडे असतात, पहिले दोन राज्याचे, पुढचे दहा पॅनचे. माझ्या बिलावर १४ होते. म्हणजे ज्या १८ टक्क्यांचे १,४४० रुपये घेतले ते कुठल्या सरकारला गेले हे उघड आहे. आणि हे दाखवल्यावर जीएसटी खात्याचं उत्तर? ‘लेखी द्या, बघू.’ दिलंय.

नमुना दिला तर पहिल्याच दिवशी पाण्यात सोडा, ताणून बघा, आणि तो कोणत्या मटेरिअलचा आहे ते सहीशिक्क्याने लिहून मागा. त्यांच्याच साच्यात, त्यांच्याच माणसाने, तुमच्या समोर ओतलेला नग हाच नमुना धरा, पिशवीतून आलेला नाही. पहिल्या लॉटचे पैसे वेळेवर आले म्हणून दुसऱ्याला दुप्पट घालू नका, ते पैसे तुमचेच असतात. माल परत घेणारा आणि कच्चा माल विकणारा एकच असेल तर तिथूनच मागे फिरा. फोन रेकॉर्ड करा. ‘जड पाण्याचं’ ते बोलणं माझ्याकडे रेकॉर्ड असतं तर आज उपयोगी पडलं असतं.

रिजेक्ट झालेल्या मालातले बरेच नग अजून घरी आहेत. चांगले वेगळे काढून, रंगानुसार वेगळ्या पिशव्यांत भरून (रंग एकमेकांत उतरतात) ओळखीच्या लोकांना विकतोय, मासे लागतात त्यांना. मोठी रक्कम यातून येणार नाही, पण साचे आणि इंजेक्टर कामाचे आहेत, तेवढे तरी चालवतो.

ठाण्यातून निघताना एक हवालदार पायरीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, ‘एकट्याचं प्रकरण आहे तोवर वादच म्हणतील. अजून चार-पाच जणांचे अर्ज आणा, मग बघा.’ तेव्हा चार इंची पॅडल टेलचा तरंगणारा नमुना, ‘क्वालिटी डिपॉझिट’ आणि १४ आकडी जीएसटी क्रमांक असलेलं बिल ज्या कोणाकडे असेल, त्याने लाजेपोटी घरात बसू नये. आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख मागा. अर्जात ‘खेळणी’ लिहू देऊ नका.