स्मूदनिंग सोडून दीड वर्ष: बोअरचं पाणी, नवतपा आणि परत आलेले कुरळे केस

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचं काम होऊन जाईल. स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग, म्हणजे पार्लरमध्ये केमिकलने सरळ केलेला केस परत कुरळा होत नाही. तेलाने नाही, मास्कने नाही, ती बॉन्ड रिपेअरवाली महागडी बाटली आणली तरी नाही. मुळातून जो नवीन येतो तोच कुरळा येतो, बाकी सगळा कापायचाच आहे, आज कापा नाहीतर हळूहळू कापा. वरून कुरळे आणि खालून सपाट असा जो मधला काळ असतो तो कसा काढायचा एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्यावरच लिहून राहिली आहे, कारण मी जे व्हिडिओ बघितले ते सगळे मुंबई-बंगलोरच्या हवेतले होते, नागपूरच्या मे महिन्यात केसांचं काय होतं ते त्यात कोणीच सांगत नाही.

माझे केस लहानपणापासून दाट, मागून चांगले कुरळे आणि समोरून नुसते लहरी. कॉलेजपासून दरवर्षी दिवाळीच्या आधी स्मूदनिंग आणि मधे मुळं वाढली की टचअप, असं बरीच वर्षं चाललं. घरात, शाळेत, सगळीकडे "आधी केस विंचर" हेच ऐकत मोठी झाली मी, त्यामुळे सरळ केस म्हणजेच नीट केस असं डोक्यात पक्कं बसलं होतं. थांबली ती दोन कारणांनी. एक म्हणजे शेवटच्या वेळी पार्लरमध्ये क्रीम टाळूजवळ जास्त वेळ राहिली, चांगलीच आग झाली आणि मग भांगाच्या दोन्ही बाजूचे केस मुळापासून बोटभर अंतरावर तुटायला लागले. दुसरं म्हणजे २०२२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता तो मी तेव्हा नीट वाचला. ३३ हजारांवर बायकांवर जवळपास ११ वर्षं लक्ष ठेवलं होतं, आणि ज्या वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची केमिकलं वापरत होत्या त्यांच्यात गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीपेक्षा जास्त दिसलं. वयाच्या ७० पर्यंतचा हिशोब धरला तर न वापरणाऱ्यांत साधारण १.६४ टक्के आणि सारखं वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. आता हे खरं की अभ्यास तिकडचा, तिकडची क्रीमं वेगळी, आणि संबंध दिसला म्हणजे तेच कारण असं सिद्ध होत नाही. कोणाला घाबरवायला सांगत नाही आहे. पण माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

थोडं केमिस्ट्रीचं सांगते कारण हे कळलं की पैसे वाचतात. केस केराटिनचा असतो आणि त्याच्या आत सल्फरचे जोड असतात, केसाचा आकार ते धरून ठेवतात. आपल्याकडे पार्लरमध्ये रिबॉन्डिंगला जी क्रीम लावतात त्यात बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, ते हे जोड तोडतं, मग प्रेसिंग करून केस सरळ करतात आणि मग न्यूट्रलायझर लावून त्याच सरळ आकारात जोड परत पक्के करतात. डोक्याच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. कुरळेपणा ठरतो तो कातडीच्या आत मुळाच्या पिशवीच्या आकारावरून, आणि तिथपर्यंत क्रीम पोचत नाही, म्हणून नवीन केस आपल्या मूळ वळणाचाच येतो. अमेरिकेत रिलॅक्सर म्हणतात ते अजून कडक, त्यात सोडियम हायड्रॉक्साइडसारखा अल्कली असतो, आणि थायोवाल्या केसांवर ते लावलं तर केस तुटून हातात येतात. म्हणून मधेच मन बदललं आणि ऑनलाइन रिलॅक्सर मागवायचा विचार आला तर कृपा करून नका करू. आणि "फॉर्माल्डिहाइड नाही" (हे काही स्मूदनिंग क्रीमांमधलं घातक केमिकल) असं लिहिलेली क्रीम म्हणजे सेफ असंही समजू नका. त्यातल्या काहींमध्ये ग्लायऑक्सिलिक अॅसिड असतं, आणि ते लावल्यावर किडनीला त्रास झाल्याची एक घटना २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली आहे.

हे "ट्रान्झिशन" (मूळ केस वाढेपर्यंतचा मधला काळ), "बिग चॉप" (सरळ केलेले केस एकदम कापून टाकणं) वगैरे जे शब्द आपण वापरतो ते आणि त्यामागची बरीचशी अक्कल अमेरिकेतल्या काळ्या बायकांची आहे. त्यांना नोकरीत, शाळेत आपल्या केसांवरून ऐकावं लागलं, इतकं की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला त्यासाठी कायदाच करावा लागला. आपण आयतं घेतो ते कोणाकडून आलं ते माहीत असावं म्हणून लिहिलं.

आता खरा अनुभव. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे पहिले तीन महिने बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त टाळूजवळ हात लावला की खरखरीत लागतं. चौथ्या महिन्यापासून पुढचे पाच-सहा महिने सगळ्यात कठीण. वरचा केस फुगून येतो, खालचा तसाच लोंबतो, आणि दोघं जिथे भेटतात तो जोड एकदम नाजूक असतो, गुंता तिथेच होतो आणि तुटतं पण तिथेच. माझ्या मते या पूर्ण काळात सांभाळायची गोष्ट ही एकच, हा जोड. कोरडे केस विंचरणं मी पूर्ण बंद केलं. न्हाताना कंडिशनर भरपूर लावून, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर वर जायचं, आणि जोडाशी पोचलं की वरचा भाग मुठीत घट्ट धरायचा म्हणजे ताण मुळावर आणि जोडावर येत नाही. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, जुन्या कॉटनच्या टी-शर्टने नुसते दाबून घ्यायचे. ऑफिसला जायचं असेल तर रात्री ओलसर केसांच्या सैल दोन वेण्या घालून झोपायचं, सकाळी सोडल्या की खालच्या सपाट भागाला पण लाट येते आणि वरखाली फरक कमी दिसतो. मला वाटतं या वेण्यांनीच मला वाचवलं, नाहीतर मी सहाव्या महिन्यात परत पार्लरच्या खुर्चीत असती.

पाण्याचं मला फार उशिरा लक्षात आलं. आम्ही बेसा रोडला राहतो, आमच्या फ्लॅट स्कीममध्ये बोअरचं पाणी. आईचं घर महालात, तिथे नळाचं, पेंच धरणाचं. आईकडे राहायला गेली की केस मऊ, वळणं सुटी सुटी, आणि घरी आली की तोच शॅम्पू, तेच कंडिशनर आणि केस राठ, हात घातला की चिकटसर. आमच्या नळाच्या तोंडाशी आणि गीझरमध्ये पांढरा थर बसतो तोच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतो, मग वरून काही लावा, आत जात नाही. यावर मला दोन गोष्टी लागू पडल्या. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शॅम्पू, आणि दरवेळी न्हाणं झाल्यावर शेवटचा मोठा मग आरओच्या पाण्याचा, त्यात अगदी चिमूटभर लिंबूसत्त्व. चिमूटभरच हं, जास्त टाकलं तर टाळूची आग होते. आणि आरओतून जे वाया जाणारं पाणी निघतं ते वापरून पैसे वाचवू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

मग उन्हाळा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, इथे पारा ४५ च्या वर, बाहेर हवा एकदम कोरडी, आणि घरात कूलर, म्हणजे आत दमट. कुरळ्या केसांच्या बहुतेक क्रीमच्या घटकांच्या यादीत ग्लिसरीन वर असतं, ते पावसाळ्यात आणि कूलरसमोर चांगलं वागतं, पण दुपारी अॅक्टिव्हावरून वर्धा रोडने अर्धा तास गेलं की माझे केस वाळलेल्या गवतासारखे व्हायचे. एप्रिल-मेमध्ये मी ग्लिसरीनवालं सगळं बाजूला ठेवलं आणि न्हाल्यावर दोन थेंब तेल ओल्या केसांवर, वरून जेल, एवढंच, फरक लगेच दिसला. स्टोलचं पण बघा. आपण सगळ्या जणी उन्हात तोंड-डोकं गच्च बांधून गाडी चालवतो, कॉटनचा तो स्टोल आणि वरून हेल्मेट, दोघं मिळून जोडावरच घासतात. गांधीबागेतून मी मीटरभर साटीन आणलं, शिवणवालीकडून स्टोलला आतून लावून घेतलं आणि उरलेल्यातून उशीचा अभ्रा. या पूर्ण दीड वर्षातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा खर्च तोच.

जेलवर मी बरेच पैसे घालवले आणि शेवटी जवसावर आली. आपल्या विदर्भात जवसाची चटणी नाही असं घर नसेल, इतवारीत कुठल्याही किराण्यात मिळतं. छोट्या गंजात (पातेल्यात) दोन कप पाणी, पाव कप जवस, मध्यम आचेवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं, नाहीतर खाली लागतं. आधी नुसतं पाणी दिसतं, मग वर पांढरा फेस येतो, सात-आठ मिनिटांनी चमचा उचलला की खाली तार लोंबायला लागते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी. तिथे लगेच गॅस बंद. अजून दोन मिनिटं ठेवलं तर इतकं घट्ट होतं की गाळलंच जात नाही. आणि गाळायचं गरम असतानाच, जुन्या पातळ ओढणीच्या तुकड्यातून, चिमट्याने पिळून, कारण थंड झालं की ते दाण्यांना धरून बसतं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की फेकायचं. ओल्या केसांवर लावून मुठीत दाबत वर न्यायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात, तेव्हा घाबरू नका, दोन्ही हातांनी हलकेच चुरगाळले की मोकळे होतात. विकतच्या जेलपेक्षा पकड थोडी कमी आहे, पावसाळ्यात दुपारपर्यंतच टिकतं, पण खवल्यासारखे पांढरे कण पडत नाहीत आणि एका वेळेचा खर्च जवळपास काहीच नाही.

घरच्यांचं थोडक्यात. सासूबाईंना वाटायचं मी तेल लावणं सोडलं म्हणून केस असे झाले, त्यांना मुळाजवळचा एक केस आणि टोकाचा एक केस हातात देऊन दाखवला, तेव्हापासून त्याच मला न्हायच्या आधी खोबरेल लावून देतात आणि जोडाशी हळू करतात. काटोलच्या आत्या मात्र प्रत्येक लग्नात, "काहून वं, केस काहून असे ठेवले, बरं नाही का तुले?" त्यांचा जीव आहे माझ्यावर, म्हणून वाईट नाही वाटत, पण हे ऐकायची तयारी ठेवा. मोठ्या दिराच्या मुलीच्या लग्नात मी मागे अंबाडा घालून गजरा माळला, समोरचे वळणदार केस तसेच ठेवले, ते खरंच सुंदर दिसत होतं.

कापण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एकदम सगळं कापणं ज्यांना जमतं त्यांनी कापावं, सुटतात त्या. मला नव्हतं जमत, मी दर दोन-अडीच महिन्यांनी थोडे थोडे काढले. पण कुरळा भाग ताणून हनुवटीपर्यंत आला की मग ओढत बसू नका, त्यानंतर सपाट टोकं फक्त गुंता करतात आणि वरच्या वळणाला खाली खेचतात. मी हे यंदा मार्चमध्ये केलं. धरमपेठेतल्या एका पार्लरमध्ये आधी केस ओले करून, सरळ ओढून कापायला निघाले होते, मी थांबवलं. कुरळे केस वाळले की वर चढतात, ओले असताना खांद्याला लागणारा केस वाळल्यावर कानाशी येतो, म्हणून कोरडेच, एकेक वळण बघून कापायला सांगा, आणि "एकदा प्रेस करून लेव्हल बघू" म्हटलं तर नाही म्हणा. कापल्यावर डोकं इतकं हलकं वाटलं की दोन दिवस मी सारखा मानेवर हात फिरवत होती.

वळण लहानपणीसारखंच येईल असं धरून चालू नका. माझं मागचं अगदी तसंच आलं, भांगाजवळचं मात्र सैल आहे, आणि जिथे तुटलं होतं तिथे अजून आखूड केस उभे राहतात. वय, बाळंतपण, हार्मोन्स यांनी फरक पडतो. आणि टाळूवर गोल चकत्या पडत असतील किंवा भांग रुंद होत जात असेल तर ते ट्रान्झिशनचं नाही, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, जेल-बिल नंतर.

सध्या मानेजवळ थोडी सपाट टोकं राहिली आहेत, ती मृग लागायच्या आत काढून टाकणार, कारण पावसाळी हवेत वरचं सगळं फुगतं आणि तेवढीच टोकं खाली वेगळी दिसतात.