टिन की प्लॅटिनम, पॉलिस्टर की पीयू: कोल्हापुरात वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

शाहू महाराजांचे छोटे अर्धपुतळे आणि ट्रॉफीची कामं करतो. मागच्या उन्हाळ्यापासून सगळं सिलिकॉनच्या साच्यातच ओततोय, त्याआधी पीओपीचे तुकड्यांचे साचे आणि फायबर यावरच चालायचं. दुकानात गेलं की प्रत्येकजण आधी किलोचा भाव विचारतो, पण माझं मत आता पक्कं झालंय, साच्यात ओतायचं काय आणि कुठल्या महिन्यात ओतायचं हे आधी ठरवा, भाव नंतर बघा.

साच्याचं सिलिकॉन दोन प्रकारचं, टिनवर सेट होणारं आणि प्लॅटिनमवर सेट होणारं. सुरुवात टिनवाल्या सिलिकॉनने केली, म्हणजे ज्यात 100 ग्रॅमला साधारण 2 ते 4 ग्रॅम कॅटॅलिस्ट (सेट करणारं रसायन) पडतं ते. स्वस्त आहे, शाडूवर, पीओपीवर, कशावरही निवांत सेट होतं. पण याला सेट व्हायला थोडा ओलावा लागतो, त्यामुळे जुलैत इथली हवा दमट असताना मस्त होतं आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत जाड भाग आतून पिकायला लय वेळ घेतो. कॅटॅलिस्ट अंदाजाने ओतू नका, पॉइंटवाला छोटा वजनकाटा घ्याच. एका दुकानातून आलेली बाटली बहुतेक जुनी होती, तिने रात्रीत व्हायचं काम दोन दिवस लांबवलं, म्हणून आता तारीख बघूनच घेतो आणि झाकण लगेच लावतो कारण ओलाव्याने कॅटॅलिस्ट खराब होतं.

टिनची खरी अडचण पुढं कळते. साचा महिन्यागणिक बारीक आकसतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो. एखाद्या ऑर्डरपुरतं ठीक आहे, पण जो पुतळा दरवर्षी मागितला जाणार त्याचा साचा प्लॅटिनममध्येच करावा. ते बहुतेक 1:1 असतं, म्हणजे दोन भाग सारखेच घेऊन मिसळायचे, आकसणं जवळजवळ नाहीच, फेट्याची घडी आणि मिशीचा केस न केस उतरतो. फक्त ते नाजूक आहे. गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनवर (मूळ पुतळा घडवायच्या तेलकट मातीवर) ओतलं तर मागून रबर झालेलं दिसतं आणि मातीला टेकलेली बाजू मधासारखी चिकट राहते, म्हणजे ज्या बाजूला चेहरा तीच गेली. म्हणून नवी माती आली की कोपऱ्यात रुपयाएवढा थेंब टाकून बघायचा आणि मगच पुढचं काम. लेटेक्सचे ग्लोव्ह्ज पण चालत नाहीत, नायट्राइलचे घ्या, आणि टिनला वापरलेला ब्रश-डबा प्लॅटिनमला अजिबात लावू नका.

आता रेझिन, म्हणजे साच्यात ओतून ज्याचा पुतळा बनतो ते. आपल्याकडं सगळ्यात जास्त चालतं ते पॉलिस्टर, मार्बल पावडर घालून. स्वस्त पडतं आणि वजनदार हातात छान वाटतं, पण नुसतं ओतलं तर आकारमानात 5 ते 8 टक्क्यांपर्यंत आकसतं, पावडर घातली की ते आणि गरम होणं दोन्ही कमी होतं. साच्याचं आयुष्य मात्र हेच खातं. त्यातलं स्टायरीन सिलिकॉनमध्ये मुरतं, आधी साचा फुगल्यासारखा होतो, मग कडक, आणि पहिला फाटतो तो मिशीच्या खालचा अंडरकट, म्हणजे आत वळलेली, पीस काढताना अडकणारी जागा. दोन ओतणीच्या मध्ये साचा उघड्यावर ठेवला की जास्त टिकतो हे मी नक्की सांगू शकतो. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो, कोबाल्ट (सेट होण्याचा वेग वाढवणारं) आणि एमईकेपी (पॉलिस्टरचा हार्डनर) कधीच थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मग हार्डनर. तोंडाला रुमाल बांधून वास थांबत नाही, कार्ट्रिजवाला मास्क लागतो, घरात लहान मुलं असतील तर तिथं हे काम नकोच.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रेझिन, साच्याला खूप कमी त्रास देतं आणि काही मिनिटांत सेट होतं, पातळ असल्यामुळे बुडबुडे पण कमी. पण जी दमट हवा टिनला मानवते तीच पीयूची वैरी. पाणी लागलं की त्यात गॅस तयार होतो आणि पीस आतून स्पंजसारखा निघतो, मार्बल पावडर ओली असली तरी तेच. म्हणून माझं गणित असं झालंय, जून ते सप्टेंबर साचे बनवायचे आणि पीयूचं ओतणं दिवाळीनंतर. तातडीची ऑर्डर असली की पावडर कढईत भाजून, गार करून मगच घालतो.

तिसरं रेझिन इपॉक्सी, ते मी पारदर्शक ट्रॉफीलाच वापरतो, जाड ओतलं तर तापतं आणि उन्हात पिवळं पडतं, बाहेर ठेवायच्या पुतळ्याला नको. विसर्जनाच्या गणपतीला तर यातलं काहीच नको, तिथं शाडूच.

मऊ सिलिकॉनच्या साच्याला आधार देणारं बाहेरचं कवच पीओपीचंच करतो आणि साचा नेहमी त्या कवचात घालूनच ठेवतो, मोकळा ठेवला तर वाकतो, त्याच वाकड्या आकारात बसतो आणि पुढच्या पुतळ्याचा खांदा तिरका येतो.