नववीची फी भरणारा निधी
ठाण्यात नौपाड्यातील एक मंडळ नववी-दहावीच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी लोकवर्गणीतून निधी चालवते, त्याविषयी हा देणगीदाराचा अभिप्राय. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच असल्यामुळे, याच कायद्याने गरीब व वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागेवर खासगी शाळेत शिकलेल्या मुलाच्या पालकांपुढे नववीत एकदम पूर्ण शुल्क उभे राहते. मंडळाने नेमकी हीच वेळ हेरली आहे आणि माझ्या मते हीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. रक्कम थेट शाळेच्या खात्यात भरली जाते, आणि विद्यार्थ्याचे नाव काळ्या शाईने झाकलेली शुल्काची पावती देणगीदारांना मिळते. मुलांना व्यासपीठावर उभे करून धनादेशासह छायाचित्रे काढण्याचा सोस येथे नाही, हेही बरे. त्रुटी म्हणाल तर प्रवासखर्चाचा विचार होत नाही. दिव्याहून लोकलने येणाऱ्या मुलीला पासाचे पैसेही जड जातात. देणगीवर आयकर सवलत देणाऱ्या कलम ८०-जीचे प्रमाणपत्रही आयकर विवरणपत्राची मुदत तोंडावर आली तरी मागून घ्यावे लागते. रोखीने २,००० रुपयांहून अधिक दिल्यास या कलमाची सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी वर्गणी धनादेशाने किंवा यूपीआयनेच द्यावी.